आठ इंच, नऊ इंच

आमच्या लेव्हल नऊ इंच उंचीच्या होत्या आणि त्यांच्या आठ. पहिल्या एकत्र तालमीच्या दिवशी दोन्ही गोदामांतलं सामान एकाच टेम्पोतून आणलं, सहा बाय तीन फुटांच्या लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, एकमेकींना लावून मांडल्या आणि रंगमंचाच्या मधोमध एक इंचाची पायरी तयार झाली. नेपथ्याचं काम बघणारे मामा उकिडवे बसून ती पायरी बोटांनी चाचपत राहिले. अंधारात एन्ट्री घेणारा नट तिथं हमखास ठेचकाळला असता. मामा त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातून इंचभर जाडीच्या पट्ट्या कापून घेऊन आले आणि त्यांच्या प्रत्येक लेव्हलच्या पायांना खालून ठोकत बसले. "त्यापेक्षा तुमच्याच घासून आठच्या केल्या असत्या तर?" त्यांच्यातल्या एकानं विचारलं. मामा म्हणाले, "लाकूड काढलं की परत लावता येत नाही. लावलेलं काढता येतंय."

कोल्हापुरातल्या दोन हौशी नाट्यसंस्था एक झाल्या. त्यातल्या एका संस्थेची मी अठ्ठावीस वर्षं सभासद होते आणि शेवटची चौदा वर्षं कार्यवाह. दोन्हींची नावं इथं लिहीत नाही. एक मंगळवार पेठेतली, ती आमची. दुसरी राजारामपुरीतली. दोन्ही सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या. दोन्हीकडे कुणालाही पगार नाही, मानधन मिळालंच तर पाहुण्या तंत्रज्ञाला. नाटक बसवायचं, राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं, जमले तर चार प्रयोग गावात आणि दोन बाहेर करायचे, आणि वर्षाच्या शेवटी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यायचा. माझं अर्धं आयुष्य या चक्रात गेलं आणि ते चांगलं गेलं.

एक व्हावं असं का वाटलं, त्याचं कारण सरळ होतं. त्यांच्याकडे जागा होती, माणसं उरली नव्हती. आमच्याकडे माणसं होती, जागा नव्हती. त्यांचा पहिल्या मजल्यावरचा तालमीचा हॉल आठवड्यातले पाच दिवस कुलपात असायचा. आम्ही कधी शाळेच्या वर्गात, कधी कुणाच्या गच्चीवर, पावसाळ्यात एका मंगल कार्यालयाच्या जेवणघरात तालमी करायचो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत नाट्यगृहं बहुतेक काळ बंद राहिली. पुन्हा पडदा उघडला तेव्हा दोघांनीही आपापली माणसं मोजली. कुणी पुण्याला नोकरीला गेलं होतं, कुणाचा दम कमी झाला होता, आणि काही जण तर जगातूनच गेले होते. २०२२च्या दिवाळीनंतर त्यांचे अध्यक्ष माझ्याकडे आले. त्यांना सगळे सर म्हणतात. वय ८४, संस्थेच्या संस्थापकांपैकी हयात असलेले ते एकटेच. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "ताई, माझ्या माघारी हॉलचं काय होईल याची मला झोप लागत नाही. तुम्ही घेता का आम्हाला?"

मराठी नाटकाच्या इतिहासात असं विचारलेलं फारसं आढळत नाही. आपल्याकडे नाट्यसंस्था फुटतात. १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून बालगंधर्वांनी, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह, गंधर्व नाटक मंडळी काढली. पुण्यात 'घाशीराम कोतवाल'नंतर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमधून (पीडीए) बाहेर पडलेल्या मंडळींनी १९७३ साली थिएटर ॲकॅडमी उभी केली. या फुटीतून मोठं काम झालं, हे खरंच आहे. जुळण्याचं ठळक उदाहरण विचाराल तर बोट जातं ते 'संयुक्त मानापमान'कडे. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी प्रयोग. आमचे कोल्हापूरचे केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर उभे राहिले म्हणून आजही आमच्याकडे ते अभिमानानं सांगतात. पण तो प्रयोग झाल्यावर केशवरावांची ललितकलादर्श ललितकलादर्शच राहिली आणि बालगंधर्वांची गंधर्व मंडळी गंधर्व मंडळीच. पुढं 'संयुक्त सौभद्र'ही झालं, आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. एक प्रयोग एकत्र करणं आणि एक संस्था होणं यात किती अंतर आहे, ते मला सरांना "हो" म्हणून झाल्यावर कळायला लागलं.

पहिली चूक माझी. सरांचं म्हणणं ऐकून मी आणि आमच्या कार्यकारिणीतल्या आणखी दोघांनी चार महिने त्यांच्याशी बोलणी केली, वकिलांचा सल्ला घेतला, कच्चा मसुदाही केला. आमच्या बाकीच्या माणसांना यातलं काहीच सांगितलं नाही. पक्कं झाल्यावर सांगू, उगाच चर्चा नको, असं मला वाटलं होतं. मिरजकर तिकटीवर चहा पिताना आमच्या प्रकाशयोजनाकाराला ही बातमी राजारामपुरीच्या एका पोरानं दिली. वीस वर्षं डिमरवर बसून माझ्या प्रत्येक नाटकाला उजेड दिलेला माणूस, तो त्या रात्री माझ्या दारात उभा राहिला, आत आला नाही. "आम्हाला विकलासा की काय?" एवढंच म्हणाला. मी त्याला हिशेब समजावू लागले. त्याला हिशेब नको होता. त्याला विचारलं जायला हवं होतं. ही गोष्ट मला पन्नाशीकडे झुकताना कळली याचं वाईट वाटतं.

पुढं कायद्यानंच आम्हाला माणसांच्या दारात नेलं. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याचं बारावं कलम असं आहे की विलीनीकरणाचा प्रस्ताव लेखी करून विशेष सभेच्या दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाला पोचवायचा. सभेत सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी तो मंजूर झाला पाहिजे, मग महिन्याच्या अंतरानं दुसरी विशेष सभा घ्यायची आणि तिथं हजर असलेल्यांच्या तीन-पंचमांश मतांनी तो कायम झाला पाहिजे. त्याशिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, त्यातलं कलम ५०-अ. दोन न्यासांसाठी एक सामाईक योजना आखण्याचा अधिकार तिथं धर्मादाय आयुक्तांना आहे. वकीलसाहेबांनी हे सगळं शांतपणे सांगितलं आणि विचारलं, "सभासद किती?"

नोंदवहीत ९४ नावं होती. वार्षिक सभेला पंधरा माणसं आली तर आम्ही खूश व्हायचो. मी आणि आमचा खजिनदार वही घेऊन बसलो. १७ जण वारले होते. त्यांच्या नावापुढं कधी कुणी तसं लिहिलंच नव्हतं. उरले ७७. म्हणजे ४७ मतं हवीत, प्रत्यक्ष किंवा मुखत्यारपत्रानं. निम्म्यांचे पत्ते जुने, काहींची घरं पाडून तिथं अपार्टमेंट झालेली.

त्या उन्हाळ्यात मी शाळा सुटली की स्कूटर काढायचे. जुना बुधवार, शिवाजी पेठ, कसबा बावडा, फुलेवाडी. एका घरी सभासदाच्या सुनेनं सांगितलं, मामंजी आता कुणाला ओळखत नाहीत. मी तरी आत गेले. कॉटवर बसलेले होते. त्यांनी एकेकाळी आमच्या संस्थेत औरंगजेब केला होता. मी संस्थेचं नाव घेतलं तशी त्यांनी मान वर केली आणि "पडदा कोण ओढणार?" असं विचारलं. ती सही मी मागितली नाही.

आणि शिवाजी पेठेतली ती भेट. काकूंनी १९९८ नंतर आमच्या संस्थेत पाऊल टाकलं नव्हतं. त्या वर्षी स्पर्धेच्या नाटकात त्यांची ठरलेली भूमिका ऐन वेळी काढून एका नव्या मुलीला दिली गेली, वय शोभत नाही म्हणून. ती नवी मुलगी मी. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मला एवढा आनंद झाला होता की काकूंचं काय झालं हे मी पाहिलंच नाही. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत तेव्हा त्या रुसल्या असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. सत्तावीस पायऱ्यांचा तो जिना चढताना माझ्या हातात विलीनीकरणाचा प्रस्ताव होता आणि पाय जड झाले होते.

त्यांनी कागद बाजूला ठेवला. म्हणाल्या, "आधी बस. मी रुसलो नव्हतो. दोन महिने वाट बघितली, कुणीतरी येईल म्हणून. कुणी आलं नाही. मग जायचं कसं?" आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःला 'आलो, गेलो'च म्हणतात. त्या 'रुसलो नव्हतो'नं मी पुरती हलले. पंचवीस वर्षं या बाईंचं नाव आमच्या वहीत होतं आणि आम्ही त्यांना एक कार्डसुद्धा टाकलं नव्हतं. मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही ते सांगता येणार नाही, पण सही केली आणि म्हणाल्या, "मुखत्यारपत्र नको. मी येतो सभेला."

सभेला ५१ मतं पडली. काकू पुढच्या रांगेत बसल्या होत्या. संस्था बंद करण्याच्या प्रस्तावासाठी एवढी माणसं जमली, आणि ती चालू असताना आम्ही त्यांना हाक मारली नव्हती.

नावाचा प्रश्न सगळ्यात अवघड गेला. आमची संस्था वयानं मोठी, म्हणून नाव आमचं राहावं असं आमच्या लोकांना वाटे. हॉल त्यांचा, ठेव त्यांची, म्हणून नाव त्यांचं राहावं असं ते म्हणत. दोन्ही नावं जोडून बघितली, तर ती तिकिटावर मावेनात. अगदी नवं नाव घ्यावं, तर ते कुणाचंच नव्हतं. शेवटी निर्णय कागदपत्रांनी केला, आणि त्यात पुन्हा माझी चूक आहे. २०२१पासून प्राप्तिकर कायद्याखाली जुन्या न्यासांना १२-अ आणि ८०-जी साठी नव्यानं अर्ज करावे लागले. मुदती वाढत गेल्या. त्यांच्या खजिनदारानं अर्ज वेळेत केला. माझ्याकडून राहिला. त्या वर्षी घरी आजारपण होतं, पण ते कारण झालं, समर्थन नव्हे. देणगीदाराला सवलतीची पावती देण्याचा हक्क त्यांच्याकडे शाबूत आणि आमचा गेलेला. वकील म्हणाले, त्यांची नोंदणी ठेवा, तुमची त्यात विलीन करा. त्यावर कुणापाशी उत्तर नव्हतं.

आमचं नाव गेलं. १९६० च्या दशकात मंगळवार पेठेतल्या पाच तरुणांनी, त्यातले दोघे तर गिरणी कामगार, ठेवलेलं नाव. ते पाचही जण आज नाहीत, म्हणून त्यांना सांगायची वेळ माझ्यावर आली नाही, त्यांच्या मुलांना सांगावं लागलं. एकानं ऐकून घेतलं. दुसऱ्यानं फोन ठेवून दिला, आणि अजून उचललेला नाही.

मधे आग लागली. ८ ऑगस्ट २०२४ची रात्र. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळतंय असा फोन आला आणि मी होते तशी निघाले. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून १९१५ साली बांधून दिलेली ती वास्तू. शेजारीच खासबागचं कुस्तीचं मैदान. आमच्या गावात तालीम म्हटलं की आधी कुस्तीची आठवते आणि मग नाटकाची, त्या दोन्ही तालमींची घरं महाराजांनी अशी भिंतीला भिंत लावून दिली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रस्त्यावर गर्दी, बंब, धूर. मला तिथं पहिल्यांदा दिसले ते सर. ८६ वर्षांचा माणूस, नातवाच्या खांद्याला धरून उभा. आम्ही दोघांनी त्याच रंगमंचावर पंचवीसेक वर्षं एकमेकांविरुद्ध स्पर्धेतली नाटकं केली होती. निकाल लागला की एकमेकांकडे न बघता बाहेर पडायचो. सर काही बोलले नाहीत. छप्पर कोसळल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी माझा हात धरला, इतका घट्ट की दुसऱ्या दिवशीही मनगट दुखत होतं. रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या. सकाळी दगडी भिंती तेवढ्या दिसल्या.

त्या रात्रीनं आम्ही एक झालो असं मी लिहिणार नाही. तसं झालं नाही. पंधरा दिवस सगळे हळवे होते, मग ठेवीवरचं व्याज कुठल्या खात्यात जमा करायचं यावरून पुन्हा भांडण झालं. पण एक फरक पडला. आधी माणसं उठून निघून जायची. आता भांडून झालं तरी बसून राहायची.

खरं जुळायला लागलं ते तालमीत, आणि तिथंही सहज नव्हे. त्यांची पद्धत वेगळी. महिनाभर नुसतं वाचन, संहितेतल्या प्रत्येक वाक्यावर चर्चा. आमच्याकडे चौथ्या दिवशी नट उभा राहायचा आणि हालचाली करता करता वाक्यं अंगात शिरायची. आमची पोरं वाचनाला कंटाळली. त्यांच्या माणसांना आम्ही घायकुते वाटलो. आमच्याकडे नारळ फोडून, नटराजाची पूजा करून नांदी म्हटल्याशिवाय पहिली घंटा होत नसे. त्यांच्याकडे सगळा संच विंगेत दोन मिनिटं डोळे मिटून उभा राहायचा, बस्स. आता आधी नारळ फुटतो आणि मग शांतता होते. याला मात्र बैठक घ्यावी लागली नाही, आपोआप पडलं.

प्रॉम्प्टरची गोष्ट मला सांगायलाच हवी. आमचे प्रॉम्प्टर टपाल खात्यातून निवृत्त झालेले, तीस वर्षं विंगेत वही घेऊन बसलेले. राजारामपुरीच्या दिग्दर्शकाचा नियम होता, विंगेत प्रॉम्प्टर असला की नट पाठांतर करत नाही, म्हणून प्रॉम्प्टर नको. हे त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं. आमचे प्रॉम्प्टरकाका काही न बोलता हॉलच्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले. तरी रोज यायचे. संहितेची प्रत त्यांनी मागितली नाही, ऐकून ऐकून त्यांना सगळ्यांची वाक्यं पाठ झाली. नाटकात आजीचं काम करणाऱ्या बाई त्यांच्या संस्थेतल्या, सत्तरी ओलांडलेल्या, जुन्या नामवंत. तिसऱ्या आठवड्यात त्या एका लांब स्वगतात थांबल्या. पुढं काही आठवेना. दिग्दर्शक थांबून राहिला. हॉलमध्ये कुणी हललं नाही. आणि माझ्या लक्षात आलं की बाई समोर नजर लावून बोलायला लागल्या आहेत. मी मागं वळून पाहिलं. प्रॉम्प्टरकाका शेवटच्या खुर्चीवरून ओठ हलवत होते, आवाज न करता, आणि बाई त्या ओठांवरून आपलं स्वगत वाचत होत्या. दिग्दर्शकानंही ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तालमीला गेलो तेव्हा डाव्या विंगेत एक खुर्ची ठेवलेली होती. ती कुणी ठेवली हे कुणी विचारलं नाही. काका जाऊन बसले. प्रयोगाच्या दिवशी बाईंना एकही शब्द सांगावा लागला नाही.

आता जे गमावलं ते. आधी राज्य नाट्य स्पर्धेला आमची दोन नाटकं जायची, आता एकच. दोन नाटकं म्हणजे दोन दिग्दर्शक, दोन नेपथ्यं, वीस-पंचवीस भूमिका. ते सगळं निम्म्यावर आलं. मसुद्यात आम्ही मालमत्ता, ठेवी, विश्वस्तांची संख्या, सगळं लिहिलं, पण संधी निम्म्या होणार हे कुणी मांडलं नाही. पहिल्याच वर्षी निवड चाचणीत अठरा-वीस वर्षांची आठ मुलं बाहेर राहिली. आधीच्या दिवसांत त्यांतल्या निदान पाच जणांना कुठे ना कुठे काम मिळालं असतं. खर्च वाचला, भाडं वाचलं, लेखापरीक्षण एकच झालं, हे मी सभेत आनंदानं वाचून दाखवलं तेव्हा मागच्या रांगेतून त्या आठांतल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, मग आम्ही काय करायचं?" मी म्हणाले, पुढच्या वर्षी. ते उत्तर नव्हतं हे मला बोलतानाच कळलं.

त्यांनी पुढच्या वर्षाची वाट पाहिली नाही. आठांची बारा झाली आणि त्या बारा जणांनी स्वतःची संस्था काढायचं ठरवलं. आमच्या कार्यकारिणीत पुष्कळांना याचा राग आला. एवढ्या कष्टानं दोनाची एक केली आणि ही पोरं पुन्हा दोन करायला निघाली, असं म्हणणं पडलं. मला राग आला नाही. मी त्यांना आमच्या घटनेची प्रत दिली आणि दोन गोष्टी सांगितल्या. सभासदांचे पत्ते दर वर्षी तपासा. आणि जो यायचा थांबेल त्याच्या घरी महिन्याच्या आत जा.

गेल्या रविवारी ती मुलं गोदामात आली होती. स्वतःच्या लेव्हल बनवायच्या आहेत, माप घ्यायचं होतं. मामांनी एक लेव्हल उलटी करून पायाची पट्टी दाखवली, प्लाय किती जाडीचा घ्यायचा ते सांगितलं. पोरानं वही उघडली आणि विचारलं, "उंची किती धरू?"

"नऊ," मामा म्हणाले. "आमच्याला लागतील अशा कर."